शेवाळाची समान वाटणी

महेंद्रच्या घरात गेले पंधरा दिवस पंख्याला बंदी होती. ऑक्टोबरचा उकाडा, कल्याणातला तिसऱ्या मजल्यावरचा पश्चिमेकडे तोंड करून बसलेला फ्लॅट, डोक्यावर धडधाकट पंखा, आणि तो लावायचा नाही. कारण जेवणाच्या टेबलावर, दिवाणावर आणि इस्त्रीच्या फळीवर कोऱ्या कागदांवर शेवाळ वाळत घातलं होतं. पंखा लागला की दिवाणावरचं शेवाळ उडून टेबलावर जाणार आणि मेघनाची चार महिन्यांची मेहनत मातीत मिळणार. महेंद्र घामाने निथळत उभ्याउभ्या जेवायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगायचा, "बायको पीएच.डी. करतेय."

मेघना शाळेत विज्ञान शिकवायची. चाळिशी ओलांडल्यावर तिने ठाण्याच्या एका कॉलेजात नाव नोंदवलं आणि विषय घेतला भिंतीवरच्या शेवाळाचा. शेवाळाला मुळं नसतात, ते जमिनीतून काही ओढून घेत नाही, त्याला जे मिळतं ते हवेतून आणि पावसातून. म्हणजे हवेत शिसं असेल, जस्त असेल, तर ते शेवाळात साठत जातं. ते शेवाळ वाळवून, निवडून, कुटून, आम्लात विरघळवून यंत्रात घातलं की त्या त्या ठिकाणच्या हवेने काय काय पोटात घातलंय ते बाहेर येतं. हे सगळं ती नववीच्या वर्गाला सांगावं तसं नवऱ्याला सांगायची आणि नववीच्या वर्गाप्रमाणेच तो मान हलवायचा.

सगळा पावसाळा रविवार आला की ही दोघं निघायची. नौपाडा, कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण आणि मोहने अशी आठ ठिकाणं होती. मेघना प्लॅस्टिकच्या पातीने भिंतीवरचं शेवाळ खरवडायची आणि महेंद्र तिच्या डोक्यावर छत्री धरायचा. नौपाड्यात एका आजोबांना वाटलं, महापालिकेची माणसं आली, आणि त्यांनी दोघांना थांबवून तुंबलेल्या गटाराची पहिल्यापासूनची हकीकत ऐकवली. महेंद्रने ती मन लावून ऐकली आणि वर "बघतो" असंही सांगून टाकलं.

आता पावसाळा संपला होता. उन्हाने भिंती कोरड्या पडल्या होत्या आणि दिवाळी तोंडावर आल्यामुळे निम्म्या भिंतींना रंगही लागला होता. म्हणजे गोळा झालं होतं तेवढंच शेवाळ, पुन्हा मिळायचं तर पुढच्या पावसाळ्यात. ते मोठं यंत्र मुंबईच्या एका संस्थेत होतं आणि त्याच्यावर मेघनाचा नंबर या शुक्रवारी लागला होता. हा नंबर हुकला तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं तर नोंदणीच गेली, कारण मुदतवाढ एकदा घेऊन झाली होती.

आणि नेमकं रविवारी संध्याकाळी मुख्याध्यापकांनी फोन करून मेघनाला मुलांबरोबर नाशिकच्या विज्ञान प्रदर्शनाला पाठवलं. जाणार सोमवारी, परत येणार बुधवारी संध्याकाळी. शेवाळ वाळलं होतं, पण निवडायचं तसंच होतं. त्यातले मातीचे कण, पालापाचोळा, मुंग्यांचे पाय, रंगाचे पोपडे, तपकिरी पडलेला खालचा भाग, सगळं काढून फक्त वरचा हिरवा शेंडा ठेवायचा होता. मेघना डोक्याला हात लावून बसली. तेव्हा महेंद्र म्हणाला, "मी करतो ना."

इथे महेंद्रच्या स्वभावाविषयी सांगायला हवं. ठाण्यात एका विमा कंपनीच्या ऑफिसात तो टपाल विभागाचा प्रमुख होता, आणि प्रमुख म्हणजे काम करून घेणारा, ही व्याख्या त्याने पहिल्याच दिवशी मनाशी पक्की केली होती. पुढे ती त्याने घरीही लागू केली. गॅसची नळी बदलायची असो की मुलीची प्रकल्पवही सजवायची असो, "मी करतो" म्हणजे "मी कुणाकडून तरी करून घेतो" हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. या वेळी मात्र तो मनापासून बोलला होता. चार महिने छत्री धरून धरून त्याला वाटायला लागलं होतं, की या पीएच.डी.त आपलाही छत्रीपेक्षा मोठा हात असावा.

मेघनाने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग कपाटातून निळे हातमोजे आणि प्लॅस्टिकचे चिमटे काढून त्याला एकेक गोष्ट सांगितली. पाणी लावायचं नाही. उघड्या हाताने शिवायचं नाही. धातूचं काही जवळ आणायचं नाही, ना चाकू, ना स्टीलचं ताट, ना अंगठी. वर्तमानपत्रावर ठेवायचं नाही, शाई लागते. जवळ अगरबत्ती लावायची नाही. महेंद्रने सगळं तिला परत म्हणून दाखवलं, एकही शब्द चुकला नाही. एका ठिकाणचं शेवाळ दुसऱ्यात मिसळायचं नाही हे काही ती बोलली नाही. पंधरा दिवस ज्या कारणासाठी घरात पंखा बंद होता ते पुन्हा काय सांगायचं, असं तिला वाटलं असणार.

सोमवारी संध्याकाळी महेंद्र हातमोजे चढवून बसला. एक चिमूटभर शेवाळ निवडून होईपर्यंत टीव्हीवरच्या त्याच बातम्या तीनदा फिरून आल्या. हातमोज्यात घाम साचला, मान आखडली, आणि शेवटी त्याला अशी जोरदार शिंक आली की निवडलेली चिमूट पुन्हा कचऱ्यात मिसळली. त्याने समोरच्या आठ ढिगांकडे पाहिलं आणि त्याच्यातला विभागप्रमुख जागा झाला. निवडणं हे आपलं काम नाही. निवडणं ज्यांचं काम आहे त्यांनीच ते करावं, आणि अशी माणसं तर आपल्या घरातलीच आहेत.

त्याची शकूआत्या मोहन्याला राहायची. बुद्धविहाराच्या हॉलमध्ये तिचा महिलांचा गट भाजणी, मसाले आणि पापड करायचा. पोत्यापोत्याने धान्य निवडणाऱ्या त्या बायका, त्यांच्यापुढे आठ ढीग शेवाळ म्हणजे काय. मंगळवारी सकाळी महेंद्रने आठही ढीग आठ पिशव्यांत भरले, प्रत्येकीवर गावाच्या नावाची चिठ्ठी लावली, हातमोजे आणि चिमटे बरोबर घेतले आणि ऑफिसला जायच्या आधी रिक्षाने मोहने गाठलं.

"शेवाळ?" आत्याने पिशवीत डोकावून विचारलं. "हे निवडायला आणलंयस? महेंद्रा, तब्येत बरीय ना तुझी?"

महेंद्रने तिला सगळं समजावून सांगितलं. गटातल्या बायका भोवती जमल्या, तसा त्याचा आवाजही जरा वाढला. मुळं नसतात, हवेतलं शिसं, आम्ल, यंत्र, सगळं त्याने मेघनाच्याच शब्दांत सांगितलं आणि मेघनापेक्षा जास्त हातवारे करून सांगितलं. मग नियम सांगितले. आत्याने लगेच विहारातली अगरबत्ती विझवायला लावली आणि हातातल्या दोन बांगड्या उतरवून ठेवल्या. तिच्या मागोमाग बाकीच्यांनीही कुणी अंगठी, कुणी जोडवी काढली. फक्त ठमाबाई अडून बसली. ती शेजारच्या कोळीवाड्यातली, गटात सगळ्यांत जुनी.

"मी बांगऱ्या नाय काढनार, आदीच सांगते," ती म्हणाली. "माजा नवरा जिता हाय."

काचेच्या बांगड्यांना हरकत नाही, फक्त सोन्याची पाटली नको, असा तोडगा महेंद्रने काढला. पण पाटली मनगटातून निघेना. शेवटी आत्याने हातमोजा कोपरापर्यंत ओढून वर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली आणि ठमाबाईचा एक हात दवाखान्यातून आल्यासारखा दिसू लागला. या सगळ्या गडबडीत आत्याने एकच प्रश्न विचारला.

"आणि ह्यातनं आमच्या मोहन्याच्या हवेत काय आहे ते कळणार?"

"कळणार ना. आठही ठिकाणचं वेगवेगळं कळणार."

"मग कर तू तुझं ऑफिस," आत्या म्हणाली. "माझी नात रात्रभर खोकते. डॉक्टर म्हणतो हवेमुळे. कसली हवा, ते एकदा कळू दे आम्हाला."

महेंद्र निर्धास्त मनाने ठाण्याला गेला. दुपारी आत्याने फोटो पाठवला. निळ्या हातमोज्यांतल्या बायका मांडी घालून ओळीने बसल्या होत्या, माना खाली आणि चिमटे चाललेले. त्याने तो ऑफिसात सगळ्यांना दाखवला. फोटोत बायकांच्या मधोमध एक मोठा हिरवा ढीग होता, पण महेंद्रची नजर हातमोज्यांवर होती आणि ऑफिसातल्यांची ठमाबाईच्या हातावर.

संध्याकाळी तो हॉलमध्ये शिरला तेव्हा आठ पुड्या पाटावर मांडून ठेवल्या होत्या. कोरा पांढरा कागद, कडा दुमडून आत खोचलेल्या, सगळ्या एकसारख्या. एक उघडून दाखवली तर आत नुसता हिरवा शेंडा, मातीचा कण औषधालाही नव्हता. महेंद्रला आत्याच्या पाया पडावंसं वाटलं. मग त्याने दुसरी पुडी उलटून पाहिली, तिसरी उलटून पाहिली.

"आत्या, चिठ्ठ्या कुठायत?"

"आहेत ना." आत्याने एक डबी पुढे केली. "एक पण हरवली नाय. धातू नको म्हणालेलास, म्हणून प्लॅस्टिकच्या डबीत ठेवल्यात."

डबीत आठही चिठ्ठ्या घडी घालून ठेवल्या होत्या. महेंद्रने त्या एकेक करून उलगडल्या.

त्याला विहारातली ती जुनी पद्धत आठवली, जरा उशिराच आठवली. भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास संपला की आश्विनी पौर्णिमेला विहारात सगळ्यांसाठी खीर होते आणि तिच्यासाठी घरोघरून तांदूळ येतात. एका वर्षी दोन घरांत जुंपली, आमचा तांदूळ कोलम आणि तुमचा रेशनचा. त्या वर्षापासून शकूआत्याने नियम केला, की पिशवी आली की पहिल्यांदा नावाची चिठ्ठी काढायची, मग सगळा तांदूळ एका ढिगात ओतायचा, मग निवडायचं. कुणाचा कुठला हे विचारायचं नाही. गेली कित्येक वर्षं या हॉलमध्ये चिठ्ठी लावलेली जी जी पिशवी आली तिचं असंच झालं होतं. लहानपणी महेंद्रने स्वतः त्या चिठ्ठ्या काढल्या होत्या.

"म्हणजे ह्यातलं मोहन्याचं कुठलं?" त्याने विचारलं.

"सगळ्यात सगळं आहे," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात समाधान भरून राहिलं होतं. "तीन तीनदा वरखाली केलंय. मोहन्याच्या पिशवीत जास्त होतं, दिव्याच्यात अगदी मूठभर. बरं दिसतं का ते? ठमाबाईने काट्यावर कोरा कागद घालून, तोलून आठ सारखे वाटे केलेत. कुणाला कमी नाय, कुणाला जास्त नाय."

"तोंड का पाडलास रं?" ठमाबाईने विचारलं. "कमी भरला काय?"

त्या बायका दिवसभर वाकून बसल्या होत्या. कुणी पाठ चोळत होती, कुणी बोटं मोडत होती, आणि सगळ्या त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.  फार छान झालंय, असं म्हणून त्याने चहा घेतला आणि आठ पुड्या व ती डबी घेऊन तो घरी आला.

घरी येऊन त्याने पहिली गोष्ट केली ती पंखा लावण्याची. आता उडायचं काही राहिलं नव्हतं. पंख्याखाली बसून तो आठ पुड्या आणि आठ चिठ्ठ्यांकडे बघत राहिला. विचार यायचा तोच आला. चिठ्ठ्या परत लावल्या तर कुणाला कळणार आहे? पुड्या आठ, नावं आठ. यंत्र सांगेल, आठही ठिकाणची हवा सारखी. त्यात कुणाचं काय बिघडलं? उलट आपलीच हवा वाईट म्हणून कुणाला वाईट वाटायला नको. हा युक्तिवाद त्याला इतका पटला की त्याने चिठ्ठ्या लावूनही टाकल्या. फक्त मोहन्याची चिठ्ठी लावताना हात जरा अडखळला. खोकणारी नात डोळ्यांपुढे आली. मग त्याने ती चिठ्ठी त्यातल्या त्यात काळपट वाटणाऱ्या पुडीवर लावली, जशी काही त्यामुळे भरपाई होणार होती.

बुधवारी संध्याकाळी मेघना आली ती पिशवी खांद्यावरून न उतरवताच टेबलाशी गेली. तिने एक पुडी उघडली, बंद केली, कागदाची दुमड बोटाने चाचपली. मग दुसरी उघडली, तिसरी उघडली.

"किती स्वच्छ निवडलंयस रे," ती म्हणाली. "सगळं तू केलंस?"

"बसलो होतो ना," महेंद्र म्हणाला. हे खोटं नव्हतं. सोमवारी तो खरोखरच बसला होता.

मेघनाने पुड्या मिटून ठेवल्या. ती फोन घेऊन बाल्कनीत गेली आणि दार लोटून बराच वेळ बोलत राहिली. परत आली तेव्हा तिने सांगितलं, की आपल्या मार्गदर्शक क्षिप्रा मॅडमना कळवलं, त्या फार खूश झाल्या आणि उद्या तुलाही कॉलेजात बोलावलंय, इतकं काम करणारा नवरा त्यांना बघायचाय. रात्री जेवायला तिने मुद्दाम भरली वांगी केली. महेंद्र ती ताटात नुसती इकडून तिकडे सरकवत राहिला. अठरा वर्षांच्या संसारात त्याची इतकी स्तुती कधी झाली नव्हती, आणि त्यातला एकही शब्द त्याचा नव्हता.

गुरुवारी सकाळी ठाण्याला कॉलेजच्या प्रयोगशाळेत क्षिप्रा मॅडमनी त्याचं स्वागत केलं. मॅडम पन्नाशीच्या, पांढरा कोट घातलेल्या, बोलणं असं की प्रत्येक वाक्य छापायला द्यावं.

"या, महेंद्रराव," त्या म्हणाल्या. "मी पंचवीस वर्षं विद्यार्थी बघते आहे. नमुने इतके निर्मळ निवडलेले मी पाहिलेले नाहीत. मेघना, आधी मोहन्याचं घेऊ या का?"

त्यांच्यासमोर अकीक दगडाचा गुळगुळीत खल होता. मॅडमनी मोहन्याची पुडी उचलली, दुमड उलगडली आणि खलावर धरली. मेघना बाजूला हाताची घडी घालून उभी होती. तिने मॅडमकडे पाहिलं नाही, पुडीकडे पाहिलं नाही. ती महेंद्रकडे पाहत होती, आणि तिच्या नजरेत राग वगैरे काही नव्हता, नुसती वाट बघणं होतं.

"थांबा," महेंद्र म्हणाला. "ते मोहन्याचं नाही. म्हणजे आहे, पण सगळ्यांचंच आहे."

मग तो थांबलाच नाही. शिंक, आत्या, ठमाबाईची पाटली, खिरीचे तांदूळ, प्लॅस्टिकची डबी आणि काळपट दिसलेली पुडी, सगळं त्याने सांगितलं. "मी निवडलेलं नाही," शेवटी तो म्हणाला. "एक चिमूट निवडलेली, ती पण शिंकेत गेली. तुझं वर्ष मी घालवलं, मेघना." आणि त्याला खरोखरच भरून आलं.

 मॅडमनी पुडी अलगद पुन्हा मिटली आणि विचारलं ते भलतंच.

"वरखाली किती वेळा केलं म्हणालात?"

"तीनदा."

"आणि वाटे तोलून केले?"

"काट्यावर. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही."

मॅडम खुर्चीत बसल्या. महेंद्रला वाटलं, त्यांना चक्कर आली. पण त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरत होतं. त्या त्याला समजावू लागल्या, की यंत्र खरं बोलतं की नाही हे आधी तपासावं लागतं. त्यासाठी एकच शेवाळ, पुरतं एकजीव केलेलं आणि सारख्या वाट्यांनी बांधलेलं, त्याला पुन्हा पुन्हा द्यायचं असतं. दर वेळी आकडा तोच आला तर यंत्रावर विश्वास ठेवायचा. असं तयार शेवाळ परदेशातून मागवावं लागतं, ते येता येत नाही, आणि इथल्या शेवाळाचं तर कुणी केलेलंच नाही. गेल्या वर्षी मॅडमनी दोन विद्यार्थ्यांना बसवलं होतं. ते एकमेकांशी भांडले आणि शेवाळ तसंच राहिलं.

पुढचं आधी सांगून टाकायचं तर शुक्रवारी मुंबईला त्या आठ पुड्यांचे आकडे इतके सारखे आले, की यंत्रावरच्या माणसाला कुणीतरी एकच आकडा आठदा लिहिलाय असा संशय आला आणि त्याने पुन्हा सगळं मोजलं. मोजल्यावरही तेच आलं. त्या मिश्रणाला मॅडमनी मोहन्याचं नाव दिलं. पण ते शुक्रवारचं झालं. गुरुवारी सकाळी महेंद्रला यातलं काहीच दिसत नव्हतं.

"यंत्राचं भलं झालं," तो म्हणाला. "पण हिच्या नमुन्यांचं काय?"

आता मेघना पहिल्यांदा बोलली. "अर्धेच दिलेले तुला."

"म्हणजे?"

"प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग इथे कपाटात राखून ठेवायचा, हा मॅडमचा नियम आहे. आणि तुझ्याशी लग्न झाल्यापासून माझा पण."

महेंद्रला यावर रागवावं की तिला मिठी मारावी ते कळेना. मॅडमसमोर दोन्ही करता येण्यासारखं नव्हतं. "तुला काल कळलेलं?" त्याने विचारलं.

"पहिली पुडी उघडली तेव्हाच. मुंब्र्याचं शेवाळ पिवळट होतं, नौपाड्याचं मखमलीसारखं. हे आठही सारखे कसे झाले? आणि ती कागदाची दुमड आत्यांची. त्यांच्या भाजणीच्या पुड्या मी काय आज बघते का? फोन केला त्यांना."

"मग मला काल का नाही बोललीस?"

"तू बोलतोस का ते बघत होते."

"आणि नसतो बोललो तर?"

मेघनाने जरा विचार केला. "मॅडमनी ती पुडी खलात टाकली नसती. ते आमचं ठरलेलं. पण आपलं दोघांचं अवघड झालं असतं रे." असं म्हणून तिने त्याच्या शर्टाच्या खांद्यावरून नसलेला धागा काढल्यासारखं केलं, आणि मग शेजारच्या खोलीचं दार उघडलं.

आत शकूआत्या आणि तिचा गट सकाळपासूनच बसला होता. प्रत्येक टेबलावर एकच बाई, तिच्यापुढे एकच ढीग, आणि टेबलाच्या कडेला चिकटपट्टीने घट्ट लावलेली गावाची चिठ्ठी. कळव्याचं काम करणारीने दिव्याकडे बघायचंसुद्धा नाही असा आत्याचा हुकूम होता. आत्या स्वतः मोहन्यावर बसली होती. ठमाबाईच्या एका हाताला पुन्हा पिशवी गुंडाळलेली होती.

"आलास?" आत्याने मान वर न करता म्हटलं. "मेघनाने रात्री फोनवर सगळं समजावलं. तूच नीट सांगितलं असतंस तर एवढं झालं नसतं."

"चुकलंच, आत्या."

"मी पण विचार नाय केला. सारखे वाटे करणं खिरीला ठीक आहे, बाबा." तिने चिमट्याने एक काडी उचलून बाजूला ठेवली. "हवा कुठं सगळ्यांना सारखी मिळालीय. ज्याची त्याची वेगळी मोजली तर निदान सांगता येईल, की आमची बदला म्हणून."

मेघनाने तिला शब्द दिला, की मोहन्याचा आकडा आला की पहिला फोन विहारातच येईल. आत्याने नुसती मान हलवली, पण चिमटा जरा जास्त जोरात चालायला लागला. एका कोपऱ्यातलं टेबल रिकामं होतं. त्याच्यावर एक ढीग होता, निळे हातमोजे होते आणि चिठ्ठी होती नौपाड्याची.

"हे कुणाचं?" महेंद्रने विचारलं.

"तुझं," आत्या म्हणाली.

महेंद्रने सवयीने चहूकडे पाहिलं. आपलं काम ज्याच्याकडे सोपवावं असं त्या खोलीत कुणीच मोकळं नव्हतं. तो निमूटपणे बसला, हातमोजे चढवले आणि निवडायला लागला. मेघना दारात उभी राहून बघत होती, आणि ती बघतेय हे त्याला मान खाली असूनही जाणवत होतं. त्याला एकदम बरं वाटलं. या पीएच.डी.त एक ढीग आता खरोखर त्याचा होता.

बऱ्याच वेळाने ठमाबाई पाणी प्यायला उठली. तिने हातमोजे काढून ठेवले आणि जाता जाता त्याच्या निवडलेल्या वाट्यावर लांबूनच नजर टाकली. "माती हाय यान," एवढंच म्हणून ती पुढे गेली. महेंद्रने आपला वाटा मुकाट्याने पुन्हा न निवडलेल्या ढिगाकडे सरकवला. त्याने नव्याने सुरुवात केली. ऊन वर आलं होतं, खोलीला एकच खिडकी होती आणि त्याच्या मानेवरून घामाची धार सरळ पाठीत उतरत होती. त्याला काय करतोय ते कळलंही नाही. तो उठला आणि त्याचा हात भिंतीवरच्या बटणाकडे गेला.

सगळे चिमटे एकदम थांबले.

"महेंद्रा," आत्या शांतपणे म्हणाली, "पंख्याला हात लावू नको."